उलटी अक्षरं

कोर्टनाक्यावर, झेरॉक्सवाल्याच्या आडोशाला माझं टेबल.
गोल शिक्के, चौकोनी शिक्के, तारखेचे शिक्के.
आता मशीन करतं बरंच,
पण बारीक काम अजून माझ्याच हाताकडे येतं.
चाळीस वर्षं मी उलटं लिहितो
तेव्हा कुठे लोकांना सुलटं दिसतं.

परवा ऋजुता आली, संग्रहालयातली.
पिशवीतून प्लास्टरची चकती काढली:
शिलाहारांच्या ताम्रपटाची मुद्रा,
बसलेला गरुड, हात जोडून.
"काका, याचा रबरी शिक्का हवाय,
प्रदर्शनात मुलं कागदावर उठवतील."

मग सांगत बसली.
तीन पत्रे, त्यांतून ओवलेली एक कडी,
कडीच्या सांध्यावर हा गरुड.
मधला पत्रा बदलायचा तर कडी तोडावी लागे,
आणि कडी तुटली की दान खोटं.
"मग तुम्ही वाचलंत कसं?"
"कापली. आमच्या आधीच कुणीतरी,"
म्हणाली, आणि चहाचा कप उगाच फिरवत राहिली.

भिंगाखाली डावा पंख आखूड.
हात घसरला असेल कारागिराचा,
किंवा मधेच कुणी जेवायला हाक मारली असेल.
"सारखा करू?"
"छे हो! दुसऱ्या एका पटावरही हाच आखूड पंख आहे.
चुकलाय, म्हणून तर खरा."

मी चष्मा काढून पुसला. मळला नव्हता.

ब्याण्णव साली एक दलाल नमुना घेऊन आला होता.
'तहसीलदार'मधल्या ह चा खालचा आकडा तुटलेला.
मीही तोडला,
ब्लेडच्या टोकानं, श्वास रोखून.
इतकं सुबक काम पुन्हा झालं नाही माझ्याकडून.
त्या तुटक्या ह च्या खालून
कोलशेतची सव्वा एकर निघून गेली
पोशाबाई मढवीची.
पुढे ती तारखांना यायची याच नाक्यावर.
अंगठ्याची शाई केसांना पुसायची,
आणि सावलीसाठी
माझ्याच टेबलाशी टेकायची.

"पटाच्या शेवटी शाप असतो," ऋजुता सांगत होती,
"दान हिरावेल तो साठ हजार वर्षं
विष्ठेतला किडा होईल."
"आणि शिक्का कोरणारा?"
ती हसली. "त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नसतं, काका."

आखूड पंख आखूडच ठेवला.
तिला पावती हवी होती, ऑफिसात दाखवायला.
माझ्या नावाचा शिक्का काढला,
दाबला.
नीट उठला नाही.
पुन्हा दाबला.