शेपूट तुटेपर्यंत

सातपूरला, पिठाच्या गिरणीमागच्या शेडमध्ये
गवांदेबाईंनी हातात रिव्हेटर दिला
तेव्हा तो मला मोठा अडकित्ताच वाटला.
"सुपारी फोडायची नाही," त्या म्हणाल्या,
"पण दाब तसाच. बोटांनी नको, तळव्याने."

एकोणीस वर्षं त्यांनी पॅनेल बोर्डांची दारं जोडली.
रिव्हेटला त्या टाका म्हणतात.
दिवसाला चारशे टाके,
आणि उजव्या हाताचा अंगठा
आता थंडीत सकाळी उघडत नाही.

माझ्याकडे होती बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची एक कूस,
वडाळा नाक्याच्या भंगारातले ॲल्युमिनियमचे कोन,
आणि भाच्याचा मदरबोर्ड;
त्याची पेटी त्याने पुण्याला जाताना विकली होती.
"नवी केवढ्याला मिळते?" बाईंनी विचारलं.
मी किंमत सांगितली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे.
पुन्हा विचारलं नाही.

तीन पूर्णांक दोनचा रिव्हेट,
तीन पूर्णांक तीनचं भोक.
"एवढी ढिलाई ठेवायची," त्या म्हणाल्या,
"घरात ठेवतो तशी."
भोकाच्या कडेची कुसळं
मोठं ड्रिल नुसतं बोटांनी फिरवून काढायची.
मी काढली नाहीत.
दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहिली
आणि पेटी रात्रभर
कोणी न हलवता
माझ्या डोक्यात खुळखुळत राहिली.

दुसऱ्या रविवारी पुन्हा.
आधी क्लॅम्प. मग कोपरा, मग समोरचा कोपरा,
मधली भोकं सगळ्यात शेवटी.
रिव्हेटची टोपी पत्र्याला चिकटलेली हवी,
नळी सरळ, माझी मान वाकडी असली तरी चालेल.
एक दाब: आतली तार ताणते.
दुसरा: पलीकडे, जिथे माझा हात पोचत नाही,
तिथे काहीतरी फुगतं, पसरतं, बसतं.
तिसरा:
टक्.

शेपूट तुटून पायाशी पडलं.
गवांदेबाईंचं मांजर दचकलं,
बाई नाही.

त्या आठवड्यात मला सगळीकडे टाकेच दिसले.
कुकरच्या दांड्यावर दोन,
शालिमारहून सुटणाऱ्या बसच्या छताला रांगेने,
तांबट आळीत एका घंगाळाच्या कडीला
जाड तांब्याचे, हातोडीने चेपलेले,
दोन्ही बाजूंनी माणूस पोचू शकत होता तेव्हाचे.
दुकानदाराला वाटलं मला घंगाळ हवंय.
मी कडी उलटी करून नुसती पाठ बघत होते.

मग चूक झाली.
मागची भिंत बारा टाक्यांनी बंद केली, छान, एका रेषेत,
आणि वळले तर मदरबोर्डचा ट्रे
टेबलावर तसाच.
तो आत जायला आता वाट नव्हती.
बाई हसल्या नाहीत. चष्मा पुसला.
"स्क्रू परत फिरतो. हा फिरत नाही.
ह्याचं डोकंच उडवावं लागतं."

बारा डोकी उडवली.
सातवा टाका ड्रिलबरोबर नुसता गरगर फिरत राहिला,
धरायला गेले तर बोट भाजलं.
बाईंनी टोपीखाली पटाशीची धार सरकवली,
"आता उडव."
उडाला.

पेटी आता पाथर्डी फाट्याला माझ्या टेबलाखाली आहे.
वॉशिंग मशीनचा फिकट निळा रंग तसाच ठेवलाय,
एका बाजूला 'स्पिन' हा शब्द अजून वाचता येतो.
तळाचा एक टाका तिरपा आहे,
त्याच्यावरून हात फिरवला की कळतं.
पंखा सुरू झाला की पत्रा अगदी बारीक कण्हतो,
चौथ्या आणि पाचव्या टाक्याच्या मध्ये,
तिथे अजून एक हवा होता.

तुटलेली शेपटं मी जॅमच्या बाटलीत साठवलीत.
गवांदेबाई म्हणतात, टाकून दे,
पायात घुसतात.