नमुना क्रमांक १४७

संगणकाने यादी काढली यादृच्छिक,
म्हणजे कुणाचाच हात नाही त्यात.
डिचोली तालुका, नोंदणीकृत ट्रकमालक,
एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीत
रोहिदास बाबुसो मळीक, मये.
माझे पप्पा.

"बदल गं, कोण बघतंय," सिंथिया म्हणाली.
पण बदललं तर यादृच्छिक कसलं?
रविवारी कदंबातून उतरले.
ट्रक अंगणात होता तिथेच,
हौद्यावर आईने चढवलेला दोडक्याचा वेल,
टपावर कोंबडी.

पप्पा आत जाऊन शर्ट घालून आले.
खुर्चीत ताठ बसले.
"विचारा, मॅडम."
आई हसली. मी प्रश्नावलीचं पान सरळ करत राहिले.

व्यवसाय?
"ट्रकमालक."
खाण बंद झाल्यापासून किती फेऱ्या?
त्यांनी बशी फिरवली.
"देवळात माती टाकली एकदा, चवथीच्या आधी."
तेवढीच लिहू?
"लिहा."
आणि बंदीपूर्वी, दिवसाला?
"सहा. कधी सात.
सारमानसच्या जेटीवर रांग नसली तर आठ,"
आणि आठ म्हणताना
चढावर गिअर बदलावा तसा
बदलला आवाज.

कर्ज?
"आहे. सोसायटी, बँक, शिवाय मेव्हणा."
कारण?
पंख्याकडे बघत राहिले.
आत भांडी घासणं थांबलं.
मी पर्याय वाचून दाखवले:
टायर, दुरुस्ती, हप्ते, लग्न, आजारपण.
"शेवटचं काय आहे?"
इतर.
"ते लिहा."

माझ्या संकेतसूचीत इतर म्हणजे नऊ.
एमएची फी नऊ.
ताळगावच्या खोलीचं डिपॉझिट नऊ.
ज्यावर मी नऊ टाइप करते
तो लॅपटॉपही.

मेनेझिस मॅडमनी तक्ता पाहिला,
आडनावाशी पेन थांबलं.
"हे तुझे कोण?"
मी सांगितलं.
"मग वगळावं लागेल. समजतंय ना?"
समजत होतं. मीच शिकवते हे
पहिल्या वर्षाच्या पोरांना, तासाला मानधन घेऊन.
दोनशे बाराचे दोनशे अकरा झाले,
सरासरी कर्ज चारशे रुपयांनी उतरलं,
निष्कर्ष जागचा हलला नाही.

परवा रात्री फोन.
"अगो, त्या तुझ्या कागदावर
एक आकडा चुकला माझा.
मेव्हण्याचे फिटले गेल्या महिन्यात.
उगाच तुझं खोटं व्हायला नको."

थांबा, मी म्हटलं,
पेन घेते.