इग्नात्सीसाठी, फ्रिजवर

इग्नात्सी, किल्ली कुंडीखाली नाही,
तिथे सगळे आधी बघतात. मीटरच्या डब्यात आहे.
श्पुल्का पहिला दिवस पलंगाखाली काढेल.
काढू दे.

ती ओकते.
आधीच सांगते, म्हणजे रात्री तीनला घाबरणार नाहीस:
चिखलातून कुणी बूट उपसतंय, तसा आवाज.
मग गालिच्यावर
(गालिच्यावरच, एवढी फरशी मोकळी असून)
एक ओली, राखाडी, बोटाएवढी वळकटी.
केस आहेत, तिचेच.
कागदानं उचल, थंड पाण्यानं पूस.
हसू नकोस, तिला कळतं.
पंधरवड्यातून एकदा झालं तर झालं,
सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

कंगवा खिडकीत. आईचा, तीन दाते गेलेला.
गिरणीच्या जागी मॉल झालाय ना,
तिथे मांजराचा कंगवा साठ झ्वोटींना मिळतो,
अगदी माझं पिंजणाचं यंत्र होतं त्या कोपऱ्यात.
रोज संध्याकाळी, मानेकडून शेपटीकडे.
पोटाला हात लावलास तर तुझी तू जबाबदारी घे.
जेवढे केस कंगव्यात, तेवढे पोटात नाहीत.
एकतीस वर्षं मी कापसाचं हेच केलं.
जे कापडात गेलं नाही ते हवेत गेलं,
जे हवेत गेलं ते आमच्यात.
आम्हाला कुणी विंचरलं नाही.

बर्फाच्या ट्रेमध्ये भोपळा आहे,
उकडलेला, बिनमिठाचा. दिवसाला अर्धा तुकडा.
डबा एकदम वाढू नकोस, चार वेळा थोडा थोडा,
वर दोन चमचे कोमट पाणी.
दूध मागेल. नाही म्हण.
दुसऱ्या मजल्यावरची बाई तिच्या घशात तेल ओतायला सांगेल,
तिलाही नाही म्हण.

आता हे नीट वाच.
उबळ येत राहिली आणि बाहेर काहीच आलं नाही,
किंवा दिवसभर ताटलीला तोंड लावलं नाही,
किंवा रक्त दिसलं,
तर भोपळा विसर. दहा नंबरची ट्राम धर.
तोंडातून दोरा लोंबताना दिसला
तर ओढू नकोस. कितीही वाटलं तरी.
आत कशाला गुंतलाय ते आपल्याला दिसत नाही.

कॉफीच्या डब्यात तीनशे चाळीस झ्वोटी आहेत.
वर "वीज" लिहिलंय, पण ते विजेचे नाहीत.
डॉक्टरीणबाई उरलेले हप्त्यानं घेतात,
माझं नाव सांग, लाजू नकोस.
गेल्या हिवाळ्यात मी लाजले.
दोन दिवस टेबलावर नाणी मोजत बसले,
आणि ती न्हाणीघराच्या दाराशी, मान लांबवून,
रिकामीच ओकत राहिली.
दोरा माझ्याच शिवणाच्या टोपलीतला निघाला,
निळा.
टोपली आता कपाटावर आहे, तिथेच राहू दे.

अकरा दिवस म्हणालेत.
छातीत नळी घालून बघणार आहेत.
त्यांचं अकरा म्हणजे किती, ते आपल्याला माहीत आहे,
म्हणून फ्रीझरमध्ये भोपळ्याचा दुसराही ट्रे भरलाय.

भेटीच्या वेळेत ये, नाहीतर फोन कर.
ओकली का, किती, कुठे, सगळं सांग.
मी खोकले का ते विचारू नकोस.

आणि गालिचा गुंडाळून ठेवायचा विचार करशील.
मीही करून पाहिलाय.
मग ती बुटात ओकते.

लुद्विका