सुट्टे

दहा हजार अनामत. मी भरली सुट्ट्यांत,
भिशीतल्या बायकांनी बांधून दिलेल्या पुरचुंड्या
एकेक सोडत टेबलावर.
क्लार्क म्हणाला, बाई, बंदे नाहीत का?
अठरा वर्षं मी उलटंच मागत आले,
अप्पर डेपो ते शिवाजीनगर:
सुट्टे द्या, सुट्टे काढा, पुढं सरका.
त्यानं चहा बाजूला ठेवून मोजले.
पाच रुपये कमी भरले.
स्वतःच्या खिशातून घातले आणि हळूच म्हणाला,
हे कुठं बोलू नका.

मग प्रतिज्ञापत्र.
प्रलंबित गुन्हे, निरंक. शेतजमीन, निरंक.
मोटार, दागिने, कुणाचं देणं...
इथं थांबले. वाण्याची उधारी धरायची का?
वकील हसला.
पतीच्या रकान्यात म्हणाला, लागू नाही, असं लिहा.
सुदामला जाऊन अकरा वर्षं झाली.
लागू नाही.
लिहिलं. खाली सही केली,
मंदाकिनी सुदाम खुळे, पूर्ण.

चिन्ह मागितलं शिट्टी. दोघांनी मागितलेलं.
चिठ्ठी निघाली एका पैलवानाची,
मला उरली फुलकोबी.
मार्केट यार्डातले हमाल पोट धरधरून हसले,
मग त्यातल्याच एकानं चांगला पांढराशुभ्र गड्डा आणून दिला.
तो स्कूटीच्या हुकाला लटकवून फिरले.
पाचव्या दिवशी भाचा म्हणाला,
आत्या, प्रचाराला वास येतोय.

सहकारनगरात वॉचमननं अडवलं,
कुठल्या फ्लॅटमध्ये?
म्हटलं, सगळ्या.
त्यानं इंटरकॉम लावून दिला.
आम्हाला काही घ्यायचं नाहीये, म्हणाला एक आवाज.
अहो, मी विकत नाही, द्यायला...
काय द्यायला आले होते, ते सुचेपर्यंत
तिकडं ठेवून दिला होता.

भाषण एकच झालं, रिक्षा स्टँडवर,
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी राहून.
चांगलं चाललं होतं. ड्रेनेजवर आले,
आणि बोलता बोलता हात आपोआप वर गेला
दांडी धरायला.
दांडी नव्हती.
लोकांना वाटलं घोषणा देतेय.
तिघांनी दिलीही.

मतमोजणीला गोदामात जाळीच्या अलीकडे उभी होते.
माझ्या स्वतःच्या बूथवर सहा.
नुसत्या आमच्या जिन्यात चौदा मतं आहेत,
मी कुणाचं नाव घेत नाही.
प्रत्येक फेरीत नोटा माझ्यापुढं,
कुणापुढं हात न जोडता.
मग एकशे सत्तावीस आलं:
पर्वतीच्या पायथ्याची शाळा, खोली तीन.
त्रेचाळीस.
मी परत विचारलं. त्रेचाळीस.
तिथं तर मी गेलेच नव्हते.
निघाले होते, तेवढ्यात चाक बसलं,
आणि पंक्चरवाला जेवायला गेलेला.
त्रेचाळीस म्हणजे
बत्तीस बसलेले, अकरा उभे.
एक भरलेली गाडी,
जिचं एकही तिकीट मी फाडलेलं नाही.

अनामत गेली, ती पाच रुपयांसकट.

रविवारी गेले आभार मानायला.
चढणीवर दम लागला.
कुणीच कबूल होईना. एक म्हातारा म्हणाला,
आम्हाला वाटलं मंडईवाल्यांची कुणी असेल.
एक पोरगी म्हणाली, वरची सगळी बटणं ओळखीची होती,
म्हणून.
निघाले, तर नळाशी भांडी घासणारी बाई
मान वर न करता म्हणाली,
पाणी रात्री साडेतीनला येतं. पाऊण तास.
लिहून घ्या.
म्हटलं, अहो ताई, मी पडले.
माहितीये, म्हणाली. लिहून तर घ्या.

पर्समध्ये पत्रकं उरलेली होती, बरीच.
एक उलटं केलं.
मागची बाजू कोरी होती.
पेन चालेना, झटकलं.
किती वाजता म्हणालात?