वाक्यात उपयोग

आठवी ब, घटक चाचणी, प्रश्न चौथा :
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. शिसारी येणे.
गुण दोन.

सदतीस वह्यांत रंकाळ्याचं हिरवं पाणी,
जलपर्णीत अडकलेले मेलेले मासे,
जयंती नाला, जयंती नाला, पुन्हा जयंती नाला.
एकानं लिहिलं, तांबड्या रश्श्यात माशी पडली
तरी मामानं वाटी संपवली.
हसले. दोन देऊन टाकले.

वर्गात मीच शिकवलं होतं :
किळस डोळ्यांत असते, मान फिरवली की जाते.
शिसारी मानेवरून पाठीत उतरते,
आंघोळ केली तरी टॉवेलात उरते.
आणि ती करायची नसते, ती येते.
'मला शिसारी आली', यात कर्ता कोण?
मागच्या बाकावरून उत्तर आलं : शिसारी, बाई!
शाब्बास. आपण नुसती चतुर्थी.
आपण काही केलेलंच नसतं.

अडतिसावी वही प्रणोती व्हटकरची.
घर सुभाषनगरात, हौदाला लागून.
चुन्यातनं काढलेली कातडी, बाभळीची साल, हिरडा,
सगळ्याचा वास वहीच्या शिवणीत बसलेला.
अक्षर टपोरं. एकही खाडाखोड नाही :

'बाई माझी वही पेनाच्या टोकानं उलटतात.
बाई शिसारी करतात.'

लाल पेन माझ्या हातात होतं.
टोपण लावलेलं.
टोपणाच्या टोकावर तिचं पान
अर्धवट उचललेलं.

करतात चूक आहे. येते पाहिजे.
वाक्प्रचार मोडला की अर्धा गुण जातो,
हा नियम फळ्यावर मीच लिहिला.
'करतात'भोवती गोल काढायला घेतला
तो मिटेना. शाई थांबली की मी, कुणास ठाऊक.

टेबलाखाली माझ्या चपला,
दसऱ्याला चप्पल लाईनीत घासाघीस करून घेतलेल्या.
नाकाशी धरून वास घेतला होता,
अस्सल आहेत ना, बघायला.
दुकानदार म्हणाला, वासावरनंच कळतंय की वो बाई.

आतून ह्यांनी विचारलं, किती राहिल्या?
एक, म्हटलं.
गुणांची चौकट तशीच ठेवली.
अंगठा जिभेला लावला,
सदतीस वेळा लावला होता तसाच,
आणि पान उलटलं.
पुढं निबंध होता, दोन पानी.
पुन्हा अंगठा जिभेला.

तुरट.