अठराव्याची हजेरी

चाकण, रात्रीचे पावणेदोन.
पट्ट्याच्या पोटाखाली अठरा मोटारी,
प्रत्येकीच्या बगलेत तिचा-तिचा कंट्रोलर,
आणि सगळ्यांना ओवत गेलेली
एकच करडी केबल.

उपड्या क्रेटवर बसून,
लॅपटॉप मांडीवर घेऊन मी हजेरी घेते.
एक? हिरवा. दोन? हिरवा.
सातव्यावर पत्ता चुकून चारचाच होता,
एका नावाला दोघं ओ देत होते.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं चाक फिरवलं,
तंटा मिटला.
पंधरापर्यंत सगळी शहाणी पोरं.

सोळा अडखळतो.
सतरा येतो, जातो.
अठरा लाल, हिरवा, पुन्हा लाल,
देवळाबाहेर चप्पल शोधणाऱ्यासारखा.

केबल बदलली. प्लग बदलला.
स्पीड निम्मा केला.
मीटर लावला: साठ ओहम, अगदी पुस्तकातल्यासारखे.
आकडा बरोबर आणि काम बंद,
याच्याइतकं चिडवणारं काही नसतं.
प्रॉडक्शनचे कुलथे तीनदा येऊन गेले,
दर वेळी तेच वाक्य घेऊन,
"सहाला पहिली गाडी लागते, मॅडम."

तांबोळी शिडीला टेकून बडीशेप चावत होते.
बावीस वर्षं याच शेडमध्ये.
म्हणाले, "पूर्वी पंधरावर लाईन संपायची.
पुढची भिंत दिवाळीच्या सुट्टीत पाडली."
मग थोडं थांबून,
"पुणंसुद्धा नाशिक फाट्यालाच संपायचं की."

मी पंधराव्याचं झाकण उघडलं.
आत, नखाएवढा,
शेवटचा रेझिस्टर, अजून जागेवर.
इथून पुढे कोणी नाही,
आलेला शब्द इथेच जिरवायचा,
माघारी फिरू द्यायचा नाही,
एवढंच त्याला सांगितलेलं.
तो ते करत होता. इमानानं.
पुढे तीन मोटारी आल्या,
हे कोणी त्याच्या कानावर घातलंच नव्हतं.
आणि खऱ्या टोकाला, अठरावर, काहीच नाही:
शब्द उघड्या टोकावर आपटून
मागून येणाऱ्या शब्दांच्या अंगावर पडत होते.

दोन स्क्रू. पंधरावरून अठरावर.
मीटर पुन्हा साठच म्हणाला.
कुठे आहे, हे त्याला कळत नाही,
आहे, एवढंच कळतं.

हजेरी.
सोळा. सतरा.
अठरा.

अठरावी मोटार मात्र उलटी फिरली,
रिकामं खोकं घेऊन आमच्याकडेच निघाली.
तांबोळी हसले. "लाजतीये."
पॉवर बंद, दोन फेजची अदलाबदल,
मग गेली मुकाट्यानं डॉकच्या दिशेला.

साडेचारला चहा आला, कागदी कपात, फार गोड.
रिपोर्टात "बिघाडाचं कारण" असा रकाना असतो,
बोटभर रुंद.
मी लिहिलं: जुना शेवट जुन्याच जागी होता.
तांबोळींनी चष्मा वर करून वाचलं,
सही केली,
आणि तारीख घातली गेल्या वर्षीची.