कारणाचा रकाना

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
सावद्याच्या उपकेंद्रात पडद्यावर सगळं हिरवं होतं
आणि खिडकीबाहेर सगळं काळं.
दोघांतलं एक खोटं बोलत होतं.
खिडकीला ते जमत नाही.

दगा बाविस्कर बॅटरी घेऊन यार्डात पळाला.
तिकडून ओरडला, अमळनेरकडच्या आपल्या बोलीत,
"ताई, तीनी ब्रेकर उघडा शेतस!"
पडदा म्हणत होता: बंद. बंद. बंद.

आमच्याकडे बंद म्हणजे वीज वाहते,
उघडा म्हणजे गेली.
नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी,
शब्द आधी नीट धरा, मग दांडा.

दगाने एकेक ब्रेकर हाताने घेतला.
सव्वातीन वाजले.
तोवर फैजपूरला एक नर्स
सात दिवसांच्या बाळासाठी रबरी पिशवी दाबत होती,
मोजत, न चुकता, चौसष्ट मिनिटं.
शीतगृहातली केळी आपली पिकत राहिली.

सकाळी फॉर्म.
बिघाडाचं कारण, खूण करा:
वीज पडली, साप, माकड, फांदी, मांजा,
तारचोरी, जादा भार, इतर.
एकोणीस वर्षांत सापावर मी नऊदा खूण केली.
साप बिचारा जागेवरच सापडतो,
जळालेला. नाकबूल होत नाही.

जळगावहून सायबरवाल्या शबाना पिंजारी आल्या,
दोन दिवस पडद्याची आतडी तपासत बसल्या.
म्हणाल्या, कुठल्या देशातून आलं ते अर्धंमुर्धं कळतंय,
पण जे आलं त्याला म्हणायचं काय
हेच देशादेशांत ठरत नाही.
चोरी? हेरगिरी? खोडी? हल्ला?
"ठरलं तर काय होईल?"
"करणाऱ्याला करण्याआधी कळेल,
आपण काय करतोय ते."

मला काकांचा बांध आठवला.
शेजारी दर नांगरटीला वीतभर आत यायचा
आणि म्हणायचा, नांगर सरकला.
मोजणीवाल्याने दगड पुरला
तेव्हा कुठे दोन्हीकडच्या कुऱ्हाडी घरात गेल्या.
दगड काही अडवत नाही,
त्याला शेळीसुद्धा ओलांडते.
पण ओलांडलं, असं म्हणता येतं ते दगडामुळेच.

म्हणून रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं.
'एका देशाने दुसऱ्या देशाच्या यंत्राला'
खोडलं.
यंत्राला नाही, यंत्रावर विसंबलेल्या माणसाला.
'इजा होईल असं'
आणि बाळ वाचलं तर?
पिशवी दाबणारा हात थकला नाही
म्हणून हल्ला, हल्ला राहत नाही का?
खोडलं.
युद्ध लिहावं, तर उत्तराला विमानं निघतील
आणि बॉम्ब पडेल अशा कुणावर
ज्याने जन्मात कळफलक पाहिलेला नाही.
खोडी लिहावी, तर उद्या पुन्हा
दोन वाजून अकरा मिनिटं.

रकाना दीड इंचाचा.
'इतर'वर खूण करून शेवटी एवढंच लिहिलं:
पडद्याला कुणीतरी खोटं बोलायला शिकवलं,
आपल्यावर माणसं विसंबून आहेत हे ठाऊक असून.
खाली दोघांच्या सह्या.

साहेबांचा फोन आला.
"खाली हे 'दगा' लिहिलंय, ते कारण का?"
नाही साहेब, लाइनमनचं नाव आहे.

दगा बशीत चहा ओतत होता.
म्हणाला, माझ्याआधीची तीन लेकरं गेली,
मग आईने मुद्दाम हे नाव ठेवलं.
वाईटाला आपणच आधी नावाने हाक मारली
की ते दारात थबकतं, असं तिला वाटायचं.

थबकलं का?

बशी खाली ठेवून तो म्हणाला,
"ताई, मी शे ना."